पावती मागितली की नातं बिघडतं म्हणे

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. घर सोडून दीड महिना झाला, डिपॉझिटचा पत्ता नाही. मालक म्हणतात, रंगकामात गेलं. भाडं कसं देत होतीस विचारलं, तर रोख. आणि पावती? "अगं, एवढी चांगली माणसं, त्यांच्याकडे पावती काय मागायची!"

हे वाक्य मीही एकेकाळी म्हटलंय, म्हणून तिला काही बोलले नाही.

आमच्या मालकीणबाई नोटा अंगठा ओला करून दोनदा मोजायच्या, रबरबँड लावायच्या आणि एका छोट्या डायरीत पेन्सिलने टीक करायच्या. ती टीक मला पावतीसारखीच वाटायची. घर सोडताना त्यांनी तीच डायरी पुढे केली. ऑगस्टची जागा कोरी. "हे एक भाडं राहिलंय बघ तुझं." डायरी त्यांची, पेन्सिल त्यांची, आणि माझ्या हातात काहीच नाही. दोन रात्री जुने मेसेज चाळत बसले. शेवटी सापडलं. ऑगस्टच्या ४ तारखेला बँकेतून बरोबर भाड्याएवढीच रक्कम काढल्याची नोंद, आणि त्याच संध्याकाळचा माझा मेसेज, "काकू, भाड्याचे पैसे टेबलावर ठेवलेत, मिळाले ना?" खाली त्यांचं उत्तर, "हो." त्या एका अक्षराने माझं महिन्याचं भाडं वाचवलं. त्या खोटारड्या होत्या असं मला आजही वाटत नाही. टीक करायची राहिली असेल. पण विसर त्यांचा आणि भुर्दंड मला, हे कुठलं गणित?

रोखीत भाडं देणं हा गुन्हा नाही. कुणाला पगारच रोख मिळतो, एखाद्या म्हाताऱ्या मालकाला बँक नको असते. पण रोख द्यायचं तर भाड्याची रक्कम एकरकमी काढा, त्याच दिवशी द्या, आणि सही मागायला जीभ रेटत नसेल तर निदान मेसेज टाका: अमुक महिन्याचं भाडं, इतके पैसे, आज रोख दिले. समोरून उत्तर येईपर्यंत विषय सोडू नका. मागणं अपमानास्पद वाटत असेल तर हे लक्षात घ्या, की महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात घेतलेल्या पैशाची लेखी पावती देणं हे घरमालकाचं कर्तव्यच आहे. जर्मनीत पैसे देणाऱ्याने मागितली की घेणाऱ्याला पावती द्यावीच लागते. इंग्लंडमध्ये आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्याला मालकाने भाडेवही द्यायची असते. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही.

खरा धोका वेगळाच असतो. "करारात अर्धंच भाडं दाखवू, बाकीचं हातात द्या." डिपॉझिटचंही तसंच. ऐकायला सोयीचं वाटतं, मालक भाडं थोडं कमीही करतात. पण घर सोडताना करारावरचा आकडाच तेवढा खरा ठरतो. वरचे पैसे दिल्याचं सिद्ध कसं करणार? आणि तक्रार करायला जावं तर या लपवाछपवीत आपणही सामील, म्हणून आवाजही चढत नाही. असं घर सोडून द्यावं, कितीही हवेशीर असलं तरी.

आता डिपॉझिट. ते पैसे भाडेकरूचे असतात, मालकाकडे फक्त ठेवलेले. हे वाक्य पाठ करून ठेवा. जर्मन कायद्यात मालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात आणि त्यावरचं व्याजही भाडेकरूचं. इंग्लंड-वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून अशा ठेवी अधिकृत योजनेत सुरक्षित ठेवणं बंधनकारक झालं. तिथे वाद योजनेपुढे गेला, तर कपात का केली हे मालकाला पटवून द्यावं लागतं. आपण मात्र आपलेच पैसे मागताना "जमलं तर बघा ना" असं बोलतो.

रंगाचं म्हणाल, तर वापराने होणारी झीज आणि नुकसान यांत फरक आहे. उन्हाने फिका पडलेला रंग, पलंगामागे भिंतीवर उमटलेली रेघ, फरशीची गेलेली चकाकी ही झीज. ती भाड्यात आलीच. फुटलेलं बेसिन हे नुकसान, ते भरून द्यावं. त्यातही नव्या वस्तूची पूर्ण किंमत मागणं बरोबर नाही. रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि तो आधीच चार वर्षांचा असला, तर खराब करणाऱ्याच्या वाट्याला फार तर उरलेल्या एका वर्षाचा खर्च येतो. मालकाच्या जुन्या भिंती आपल्या पैशाने नव्या करून द्यायच्या नसतात.

पण हे सगळं बोलायला घर घेतलं तेव्हाची अवस्था दाखवता यायला हवी. सामान आत येण्याआधी व्हिडिओ काढा. नळ सोडून, कपाटं उघडून, बाथरूमच्या छताची ओल टिपून, मीटरचे आकडे वाचून. तो त्याच दिवशी मालकांना पाठवा, नुसता फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. मी हे केलं नव्हतं. म्हणून रंगाचे पैसे माझे गेले, आणि त्याला जबाबदार मीच.

"शेवटचे दोन महिने भाडंच देत नाही, डिपॉझिटमधून कापा" हा सल्ला प्रत्येक जण देतो. मोह मलाही झाला होता. पण मालकांची लेखी संमती नसेल, तर कागदोपत्री आपण थकबाकीदार ठरतो आणि भांडणाचं आयतं कारण त्यांच्या हाती देतो. चाव्या अडवून ठेवणंही तसंच अंगलट येतं, घराचा ताबा सोडलाच नाही म्हणून भाडं चालू राहिल्याचा दावा होतो. चाव्या मोजून द्या, दिल्याची सही घ्या.

मैत्रिणीला एवढंच सांगितलं, फोन बंद कर आणि लिही. किती डिपॉझिट दिलं, कधी दिलं, घर कधी सोडलं, कपात कशाची याची बिलं द्या, उरलेले पैसे अमुक तारखेपर्यंत द्या. रागाचा एकही शब्द नको, उद्या प्रकरण पुढे गेलं तर हेच वाचलं जाणार. मधेच थोडे पैसे आले तर घे, पण "पूर्ण हिशेब मिटला" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नकोस.

काल तिने मसुदा पाठवला. पहिलं वाक्य होतं, "तुम्हाला त्रास देते त्याबद्दल माफ करा." ते खोडून परत पाठवलाय.