निभतं म्हणे!

सकाळी उठल्यापासून डोकं तापलंय. लेक्चर दुपारी आहे, तोपर्यंत हे लिहून मोकळी होते.

जर्मनीत लाइपझिगमधल्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. या महिन्यात नव्यानं आलेल्या एका मुलानं काल रात्री विचारलं, "ताई-दादा, माझा कोर्स इंग्रजीत आहे. जर्मन नाही शिकलं तर निभतं का?" पोराला येऊन तीन आठवडे झालेत, प्रश्न साधा आहे. सकाळपर्यंत सतरा उत्तरं. "आरामात निभतं." "कॅमेरा धरला की ॲप भाषांतर करून देतं." "क्लासचे पैसे वाचव आणि वीकेंडला प्राग, ॲमस्टरडॅम करून घे, परत चान्स मिळायचा नाही." एकानं आपली यादीच टाकली, चौदा महिन्यांत अकरा देश. त्याखाली टाळ्या आणि बदाम.

हा अकरा देशवाला माझ्याच गल्लीत राहतो. मागे एकदा आम्ही दोघं सामान घेऊन परत येत होतो. कोपऱ्यावरच्या घरासमोर फुटपाथात चार पितळी चौकोन बसवलेत, त्यांवर त्यानं पिशवी टेकवली. मी म्हटलं, "अरे, उचल ती." तर म्हणाला, "का गं? पाण्याच्या पाइपची खूण आहे ना ती?"

चौदा महिने रोज त्यांवरून जातोय हा.

त्यांना जर्मनमध्ये श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागणारे दगड. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकारानं नव्वदच्या दशकात हे काम सुरू केलं. 2023 मध्ये एक लाखावा दगड बसला, जर्मनीत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून. 10 बाय 10 सेंटिमीटरचा पितळी पत्रा, त्यावर ठोकून काढलेली अक्षरं. नाझींनी ज्यांना घरातून उचलून नेलं, ती माणसं स्वतःच्या मर्जीनं शेवटची जिथं राहिली त्या दारासमोर तो बसवतात. म्हणजे त्या अकरा देशांपैकी कितीतरी ठिकाणी तो यांच्यावरून चालून आला असेल.

मला तरी कुठं माहीत होतं म्हणा. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आले आणि सात महिने मीही त्यांवरूनच चालले. पुण्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मनची ए-टू पातळी करून आलेली मुलगी मी, वाचता येत होतं. खाली बघितलंच नाही.

मग 9 नोव्हेंबर आला. 1938 साली याच रात्री नाझींनी सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली होती, त्यांची दुकानं फोडली होती. दरवर्षी त्या दिवशी इथले लोक हे दगड घासून पुसून लख्ख करतात, शेजारी मेणबत्ती लावतात. मी युनिव्हर्सिटीतून परत येत होते, तर कोपऱ्यावर सत्तरीच्या आसपासच्या एक आजी खाली रबरी चटई टाकून गुडघ्यांवर बसल्या होत्या. हातात चिंधी आणि पॉलिशची ट्यूब. दिवाळीच्या आधी आई समया घासायला बसते ना पितांबरी घेऊन, अगदी तशा. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, काय करताय. त्यांनी वर बघितलं, थोडं सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "लेझन झी." वाचा.

मी मोठ्यानं वाचलं. ‘हिअर वोन्टं’, इथे राहत होता. खाली नाव. मग ‘यारगांग’ आणि जन्मसाल. हा शब्द मला पुस्तकात भेटला होता तो बॅच या अर्थानं, आमचा यारगांग, तुमचा यारगांग. मग ‘डेपोर्टिअर्ट 1942’. शेवटी ‘एरमोर्डेट’. तिथं माझा उच्चार चुकला. त्यांनी दुरुस्त केला. मी परत चुकले, त्यांनी परत दुरुस्त केला. मग बोट ठेवून म्हणाल्या, ‘गेश्टोर्बेन’ नाही, ‘एरमोर्डेट’. मेला नाही, मारला. चौथा दगड लहान मुलाचा होता. त्या ओळीपर्यंत आल्यावर मला वाचवेना. त्यांनी चिंधी माझ्या हातात दिली.

क्लासमध्ये क्रियापदांची अशीच भूतकाळाची रूपं आम्ही घोकली होती. विकत घेतलं, शिजवलं, विमानानं गेले. तोच धडा मी त्या फुटपाथवर पुन्हा शिकले आणि आता तो जन्मात विसरायची नाही.

आता कोणीतरी म्हणेल, ॲपनंही तो पत्रा वाचून दाखवला असता. असता. पण कॅमेरा धरायला आधी खाली बघावं लागतं. आमच्या अकरा देशवाल्याकडे ॲप होतंच की!

शिक्षणाच्या कर्जाचं मला कोणी सांगू नका. माझ्याही डोक्यावर आहे. मीही गोदामात रात्रपाळीला पार्सलं उचलली आहेत आणि सकाळी क्लासला पेंगले आहे. आठवड्याचे दोन दिवस भाषेला देणं सगळ्यांना जमत नाही, हे खरं. पण मग "जमत नाही" असं म्हणा. "गरज नाही" असं नवीन पोरांना कशाला सांगता? स्वतःची दारं लावून घेतलीत ती घेतलीत, दुसऱ्याची कशाला लावता?

आणि मराठी माणसानं तर अजिबात घाबरू नये. मी मिरजेची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. क्लासमध्ये इंग्रजीतून विचार करणारे सगळे डेअर-डी-डासला रडत होते. आपल्याला तो-ती-ते पाळण्यापासून येतं. त्यांच्याकडे मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून लोक हसत होते, मी म्हटलं आमच्याकडे पण ‘ते पोरगं’ असतं. सत्तेचाळीस म्हणताना जर्मन माणूस आधी सात म्हणतो, मग चाळीस. आपण काय वेगळं करतो? बेकरीतल्या बाईंनी आकडा सांगितला की बाकीचे चाचपडायचे, मी पैसे काढून ठेवलेले असायचे. गौण वाक्यात क्रियापद पार शेवटी जातं, आपलं तर नेहमीच जातं. आणि ‘झी’ आणि ‘डू’ म्हणजे सरळसरळ अहो-जाहो आणि अरे-तुरे. इंग्रजीवाल्यांना हे समजावताना सरांचा अर्धा तास गेला होता.

फिरायला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये. मी भरपूर फिरते. डॉइचलांड-तिकीट नावाच्या मासिक पासावर जलद गाड्या चालत नाहीत, म्हणून प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्यांनी फिरते. त्यात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं होतं. विटेनबर्गला गेले. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं बायबल लोकांच्या जर्मनमध्ये आणलं, त्यातला नवा करार तिथं 1522 मध्ये छापून निघाला. भाषांतर कसं करायचं यावर त्याचं म्हणणं असं, की घरातल्या आईला विचारा, गल्लीतल्या पोरांना विचारा, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा, त्यांच्या तोंडाकडे बघा. ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखातून आलेल्या पोरीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. देसाऊलाही गेले. ज्याच्या नावाचं पुण्याचं भवन, तो मॅक्स म्युलर तिथला, 1823 चा जन्म. शिकला आमच्या लाइपझिगच्या युनिव्हर्सिटीत, संस्कृतची सुरुवातही इथलीच. तो माणूस भारतात एकदाही आला नाही आणि वेद आयुष्यभर वाचत बसला. आणि आम्ही इथं राहून, इथलं खाऊन विचारतोय, निभतं का!

घरचेही काही कमी नाहीत. व्हिडिओ कॉलवर काका विचारतात, "किती देश झाले?" शेजारच्यांचा मुलगा दहा दिवसांत सात करून आला म्हणे. काका, माझी एक गल्ली चाललीय अजून.

त्या आजींकडे परत येते. दगड घासून झाल्यावर त्यांनी मला वर घरी नेलं, चहा दिला. तेव्हापासून दर गुरुवारी मी जाते. 9 ऑक्टोबर 1989 ची गोष्ट त्यांनी मला तीन वेळा सांगितलीय आणि दर वेळी मला थोडी जास्त कळलीय. निकोलाय चर्चमधली सोमवारची प्रार्थना आटोपून लोक तेव्हाच्या पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्ध रस्त्यावर आले. सत्तर हजारांच्या आसपास माणसं होती. सरकार गोळ्या घालणार अशी सगळ्यांची खात्री. इस्पितळांत रक्ताच्या बाटल्या वाढवल्यात असं बोललं जात होतं. आजी दोन्ही पोरांना आईकडे ठेवून निघाल्या. चौकाचौकातल्या कर्ण्यांवरून इथल्या ऑर्केस्ट्राचा कंडक्टर कुर्ट माझूर याचा शांत राहण्याचं आवाहन करणारा आवाज येत होता. गोळी सुटली नाही. बरोबर एका महिन्यानं बर्लिनची भिंत उघडली.

पहिल्यांदा ऐकताना मी विचारलं होतं, भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, "नू," म्हणजे हो, इकडे सॅक्सनीत हो असंच म्हणतात. भीती वाटत होती. मग थोडं थांबून एकच शब्द, "ट्रॉट्सडेम." तरीही. हा शब्द मी बी-वनच्या, म्हणजे ए-टूच्या पुढच्या पातळीच्या परीक्षेसाठी वाक्यं जोडणारा शब्द म्हणून पाठ केला होता, पुढच्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं वगैरे. त्या दिवशी त्याच्यापुढे वाक्यच नव्हतं आणि मला सगळं कळलं.

मराठीत आपण म्हणतो, पुढच्याला ठेच, मागचा शहाणा. मागच्या गुरुवारी मी आजींना याचं जर्मन करून सांगितलं. पहिल्या फटक्यात जमलं नाही, मग हातवारे केले, ठेच लागल्याचा अभिनय केला. कळल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, आता मला ‘डू’ म्हण. इथं वयानं मोठ्या माणसानं दिल्याशिवाय तो शब्द घेता येत नाही. जवळजवळ वर्षभर अहो-जाहो केल्यावर मला अगं आजी म्हणायची परवानगी मिळाली. जिना उतरताना मी रडत होते, सांगायला लाज नाही.

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय. अकरा देशवाल्याला काही बोलले नाही, बोलणारही नाही. प्राग सुंदर आहे, जाऊन यावं.

पण तू, ज्यानं काल प्रश्न विचारलास, ही पोस्ट तुझ्यापर्यंत आली तर ऐक. 9 नोव्हेंबरला संध्याकाळी चार वाजता आम्ही दोघी कोपऱ्यावर असू. या वेळी आईनं मिरजेहून पितांबरीची दोन पाकिटं पाठवलीत. एक जुना टॉवेल घेऊन ये, गुडघ्याखाली घ्यायला लागतो. जर्मन येत नसलं तरी चालेल, आजी वाचून घेतील तुझ्याकडून.