युद्ध आता तुमच्या बजेटात

"आपली कुठली ऐपत युद्ध करायची!" असं म्हणत इतकी वर्षं तुम्ही शेजाऱ्याचं ऐकून घेतलंत. रणगाडा घ्यायचा तर कोट्यवधी रुपये, वर डिझेल, आणि लावायचा कुठे हा प्रश्न उरतोच. आता उठा. एफपीव्ही ड्रोन साधारण ४००-५०० डॉलरांत येतो, म्हणजे एका बऱ्यापैकी मोबाइलच्या पैशांत. डोळ्यांवर गॉगल चढवला की ड्रोनला दिसतं ते तुम्हालाही दिसतं. युक्रेनमध्ये तर लोकांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे ड्रोन जोडलेत. सोल्डरिंग तेवढं यायला हवं.

लांबचा पल्ला हवा असेल तर इराणचा शाहेद-१३६ हा ड्रोन पाहा. रशियानं त्याचं बारसं करून 'गेरान-२' असं नाव ठेवलंय. युक्रेनचे लोक मात्र आवाजावरून त्याला मोपेडच म्हणतात. किंमत अंदाजे २० ते ५० हजार डॉलर. तो पाडायला समोरच्यानं पॅट्रियट ही अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणा वापरली, तर त्याच्या एका क्षेपणास्त्राचे सुमारे ४० लाख डॉलर जातात. म्हणजे ड्रोन पडला तुमचा, दिवाळं त्याचं. सप्टेंबर २०२५ मध्ये वीसेक रशियन ड्रोन पोलंडमध्ये घुसले. त्यातले काही नुसतेच फोम आणि प्लायवूडचे, शाळेच्या प्रोजेक्टला शोभतील असे. त्यांच्या स्वागताला एफ-३५ विमानं गेली होती.

शिवाय पॉइंट्स आहेत! ही योजना युक्रेन सरकारचीच. हल्ल्याचा व्हिडिओ पाठवायचा, पडताळणी झाली की तुकडीच्या खात्यात पॉइंट्स जमा, आणि त्यावर 'ब्रेव्ह-१' या ऑनलाइन बाजारातून नवे ड्रोन घ्यायचे. शत्रूचा सैनिक मारला की आधी ६ पॉइंट्स मिळायचे, पुढे १२ झाले. माणसाचा भाव वधारतो तो असा.

सिग्नल जॅम होतो म्हणून कुरकुरू नका. ड्रोनला फायबर ऑप्टिकची रीळ लावून मिळते, दहा-वीस किलोमीटरची. मांजासारखी ढील देत राहायचं. मागे शेतभर धागे पसरतात, सकाळच्या उन्हात छान चमकतात. पेरणीचं नंतर बघू.

महागड्या शस्त्राला एक वाईट खोड असते. ते डागणाऱ्याला हिशेब करायला लावतं. बाजारातून बटाटे घेऊन निघालेल्या सायकलवाल्यावर लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र कोण सोडेल? वरचे झाडाझडती घेतील. गरिबाला आजवर त्याच्या किरकोळपणानं वाचवलं होतं, ती सोय आता संपली. युक्रेनच्या खेरसोन शहरात निप्रो नदीपलीकडचे रशियन ड्रोनचालक सायकलवाला सोडत नाहीत, बसथांबा सोडत नाहीत, रुग्णवाहिकाही सोडत नाहीत. तिथे याला 'माणसांची सफारी' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं मे २०२५ मध्ये हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला. असू दे, एखादा स्टार कमी देणारे ग्राहक सगळीकडेच असतात.

अडचण आहे ती जाळ्यांची. खेरसोनच्या रस्त्यांवर खांब रोवून जाळी ताणलीत. युरोपातल्या कोळ्यांनीसुद्धा आपली जुनी, वापरून झालेली जाळी युक्रेनला पाठवलीत. त्यात ड्रोनचे पंखे अडकतात. जिथे जाळी नाही, तिथे पिशवी घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या बायका चालता चालता कान टवकारतात आणि घरघर आली की जवळच्या झाडाखाली सरकतात. वरून काही दिसत नाही, नुसती पानं. तेव्हा उगाच बॅटरी जाळू नका. पानगळ होऊ द्या.