एकदाचं कॅलिब्रेशन पुरत नाही

मंगळाच्या जमिनीचं तापमान दुरून मोजणाऱ्या सेन्सरवरचा लेख वाचला. प्रयोगशाळेत ब्लॅकबॉडीसमोर (ठरावीक तापमानाला ठेवलेल्या आदर्श उत्सर्जकासमोर) केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची जुळणी, मंगळावर कायम टिकतं, हे त्यातलं विधान पटलं नाही. या सेन्सरमधला थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेतल्या फरकाचं व्होल्टेज करणारा घटक, जमिनीचं तापमान थेट मोजत नाही. जमीन आणि सेन्सरचं स्वतःचं आवरण यांच्यातल्या उष्णताविनिमयावर त्याचं व्होल्टेज ठरतं. त्यामुळे आवरणाचं तापमान चुकलं की सगळं चुकलं. शिवाय खिडकीवर धूळ बसते, सिग्नल घटतो. म्हणूनच मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या रेम्स या हवामान-उपकरणात सेन्सरसमोर छोटी पट्टी आहे, दृष्टिक्षेत्राचा काही भाग अडवणारी. ती हीटरने तापवायची. त्या थोड्या वेळात जमीन जवळपास स्थिर असते, म्हणून सिग्नलमधला फरक पट्टीचाच. अपेक्षेपेक्षा कमी आला तर तेवढी धूळ! खरी परीक्षा रात्री: उणे १०० अंश सेल्सिअसला जमिनीचं एकूण उष्णता-उत्सर्जन शून्य अंशाला असतं त्याच्या जेमतेम सहाव्या भागाइतकं उरतं.