क्लच प्लेट लवकर जळाल्याच्या आपल्या तक्रारीस उत्तर

मा. महोदय,
स.न.वि.वि.

कारखान्यातून आलेली क्लच प्लेट 70 हजार किलोमीटर चालली, आमच्याकडे बसवलेली मात्र 14 हजारांतच जळाली. त्याअर्थी आम्ही नकली माल वापरला आणि आता हमी टाळण्यासाठी आपल्या ड्रायव्हिंगला नावे ठेवत आहोत, असे आपण लिहिले आहे. आरोप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लेट सदोष असती तर अस्तर (प्लेटवरचा घासला जाणारा थर) पुरेसे जाड असतानाच सुटून आले असते, डँपरच्या म्हणजे झटके शोषणाऱ्या स्प्रिंगा तुटल्या असत्या किंवा एकाच बाजूने झीज झाली असती. आपल्या गाडीतून निघालेली प्लेट दोन्ही बाजूंनी सारखी, थेट रिव्हेटपर्यंत झिजली आहे. क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील यांवर निळे डाग व बारीक चिरा आहेत, आणि असा निळेपणा अतिरिक्त उष्णतेनेच येतो. ऑइल गळाल्याची खूण नाही. क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा असल्याने केबल जास्त ताणली गेली असण्याचा प्रश्न येत नाही, आणि पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडर (पेडलने तो दाब निर्माण करणारा भाग) दाब पूर्ण सोडतो, हे आम्ही आपल्यासमोरच तपासले होते.

राहिला किलोमीटरचा मुद्दा. पेडल पूर्ण सोडलेले असते तेव्हा प्लेट आणि फ्लायव्हील एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे महामार्गावर शंभर किलोमीटर गेले तरी प्लेटची झीज नगण्य असते. ती झिजते दोहोंचे वेग वेगळे असताना, म्हणजे हाफ क्लचवर, पेडल अर्धवट दाबलेले असताना. आपणच लिहिल्याप्रमाणे पूर्वी गाडी कोथरूडहून तळेगावला जात असे. आता ती रोज खराडीला, म्हणजे अख्खे शहर ओलांडून, आणि पावसाळ्यात रविवारी सिंहगडावर जाते. या दोन वापरांचे किलोमीटर एका मापाने मोजता येत नाहीत.

सिंहगडाच्या घाटात रविवारी जी रांग लागते, तीत हँडब्रेक न ओढता क्लच आणि ॲक्सिलरेटर यांच्या जोरावर गाडी जागच्या जागी तोलून धरणारे चालक बरेच असतात. साधारण एक टनाची गाडी दहास एक अशा चढावर, इंजिन मिनिटाला 1200 फेऱ्यांवर ठेवून अशी धरली, तर ढोबळ हिशेबाने दोन ते अडीच किलोवॅट उष्णता त्या एका प्लेटवर निर्माण होते. हजार वॅटच्या दोन इस्त्र्या बंद डब्यात सतत चालू ठेवाव्यात, तसे हे आहे. बंपर-टू-बंपर रहदारीत दुसऱ्या गिअरवर रांगत जाण्याचेही तेच. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ज्या वेगाने धावते, त्याहून रांग हळू चालत असेल, तर वेगातला तो फरक प्लेटलाच घासून भरून काढावा लागतो. अशा वेळी पुढे थोडे अंतर पडू द्यावे आणि पहिल्या गिअरमध्ये पेडल पूर्ण सोडून जावे. (मागचा हॉर्न वाजवतो, हे पुण्यात गृहीतच धरावे लागते.) सिग्नलला गिअर टाकून पेडल दाबून थांबल्याने प्लेट झिजत नाही, पण पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर विनाकारण भार येतो.

आमच्या मेकॅनिकने हाफ क्लचचा उल्लेख केला, तो आपल्या कौशल्यावरचा शेरा नव्हता. गाडी मागे घसरून कोणाला लागू नये या काळजीपोटी सावध माणसालाच ही सवय अधिक लागते, असे मला अनेक वर्षे दिसत आले आहे.

सुट्या भागांचे उत्पादक क्लचवर हमी देतात ती उत्पादनातील दोषाची, वापराने होणाऱ्या झिजेची नव्हे. त्यामुळे पैसे परत करण्याची आपली मागणी मान्य करता येत नाही. बसवलेल्या संचाचा पार्ट नंबर आपल्या बिलावर आहे, तो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे पडताळून घ्यावा. निघालेली प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग आम्ही वेगळे काढून ठेवले आहे. गुरुवारची सुट्टी सोडून कोणत्याही दिवशी आपल्या विश्वासातील दुसऱ्या मेकॅनिकला सोबत घेऊन यावे. त्याला उत्पादनातील दोष आढळला आणि तो त्याने लेखी दिला, तर उत्पादकाकडे दावा आम्हीच दाखल करू आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी आपल्याकडून घेणार नाही.

आपला,
वर्कशॉप चालक