लग्न खरे की कागदापुरते?

परदेशात कायम राहण्याचा परवाना मिळावा एवढ्यासाठी पैसे घेऊन खोटी लग्ने जुळवून देणाऱ्या दलालांची मला यत्किंचितही कणव येत नाही. अमेरिकेत अशा लग्नाला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि तो कडक असला तरी समजण्यासारखा आहे. (अपवादाला जागा ठेवावी लागते, हेही खरे: १९३५ मध्ये कवी ऑडेन यांनी नाझींच्या विरोधात उभ्या राहिलेल्या एरिका मानशी लग्न केले, ते केवळ तिला ब्रिटिश नागरिकत्व मिळावे म्हणून.) माझा आक्षेप आहे तो या बंदोबस्तात खऱ्या लग्नांची जी परवड होते तिच्याबद्दल.

अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानुसार, लग्नाला दोन वर्षे होण्याआधी मिळालेले ग्रीन कार्ड सशर्त आणि दोन वर्षांपुरतेच असते, आणि मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करून ती अट काढून घ्यायची असते. कागदावर व्यवस्था निर्दोष दिसते. प्रत्यक्षात मात्र त्या अर्जावरची सही हे आधीपासून तेथे स्थायिक असलेल्या जोडीदाराच्या हातातले हत्यार ठरते. ‘सही करणार नाही’ एवढ्या एका धमकीवर माणूस वर्ष-दोन वर्षे मार खात राहतो. मारहाण सोसणाऱ्याला एकट्याने अर्ज करण्याची सवलत आली ती १९९० मध्ये. घटस्फोटानंतरही एकट्याने अर्ज करता येतो, पण संसार खरा होता हे दाखवायचे कशाने? संयुक्त बँक खाते, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र भरलेले कर-विवरणपत्र. ज्या नवऱ्याने सगळे व्यवहार स्वतःच्याच नावावर ठेवले, त्याच्या तावडीतून सुटलेल्या बाईकडे नेमके यातलेच काही नसते.

संशय आला तर दोघांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारतात, पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपते इथपर्यंत, आणि उत्तरे ताडून पाहतात. पढवून आलेले जोडपे यात सहज तरून जाते. खरे नवरा-बायको सासूच्या वाढदिवसाला अडखळतात. वास्तविक १९७५ मध्येच बार्क खटल्यात तेथील अपील न्यायालयाने स्पष्ट केले होते की, लग्न करताना दोघांना एकत्र संसार करायचा होता का, हाच खरा प्रश्न आहे आणि पुढे ते वेगळे राहिले एवढ्यावरून लग्न खोटे ठरत नाही.

ब्रिटनने तर आणखी पुढची मजल मारली होती. ब्रिटनमध्ये येणे हा लग्नाचा मुख्य हेतू नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे, आणि त्याची झळ प्रामुख्याने भारतीय उपखंडातून येणाऱ्या, ठरवून लग्न झालेल्या नवऱ्यांना बसली. १९९७ मध्ये ती अट रद्द झाली, ते योग्यच झाले.

सशर्त मुदत ठेवायचीच असेल, तर अर्ज प्रत्येकाला पहिल्यापासून स्वतःच्या एकट्याच्या सहीने करता यावा, आणि शेजारी, डॉक्टर, मुलांचे शिक्षक यांच्या जबानीला बँकेच्या कागदाइतकेच वजन मिळावे.