भरलेल्या ट्रकला चेन लागत नाही म्हणे!

थंडी पडायला लागली की बर्फाच्या घाटांतून जाणाऱ्या ट्रकवाल्यांमध्ये, घसरू नये म्हणून टायरला बांधायच्या लोखंडी चेनबद्दल एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: ‘चेन लावणं हा जुन्या काळचा खटाटोप. आताच्या गाड्यांना एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे. माल भरलेला असला की ट्रक स्वतःच्या वजनानंच रस्त्याला चिकटून राहतो. बर्फ लागलाच तर टायरची हवा थोडी कमी करा. चेननं टायर कापले जातात. आणि अगदीच गाडी अडकली, तर तेव्हा लावा की!’ खाली ‘अनुभवाचे बोल’ असा शिक्का.

हे सगळं धादांत खोटं असतं तर कुणी पुढे पाठवलंच नसतं. पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्यावर विसंबून लोक घाटात चाळीस टनांची गाडी घालतात.

वजनाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यात जास्त पटतो. वजन वाढलं की चाकाखालची पकड वाढते, हे खरंच आहे. पण जी गाडी चढवायची किंवा थांबवायची, तिचं ओझंही त्याच हिशेबानं वाढतं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, साधारण ०.७ असतो, काचेसारख्या बर्फावर ०.१च्या आसपास. पाच एक्सलचा, एकूण ३६ टनांचा, ट्रेलर जोडलेला ट्रक घ्या. त्यातलं १५-१६ टन वजन इंजिननं फिरणाऱ्या चाकांवर येतं. बाकीचं पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर, म्हणजे चढावर ते नुसतं ओढून न्यायचं ओझं. १५.५ टनांचा दहावा हिस्सा दीड टन. एवढाच जोर चाकं रस्त्यावर लावू शकतात. सहा टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, ३६ टन वर न्यायला मात्र दोन टनांहून जास्त जोर लागतो. इंजिन पाचशे हॉर्सपॉवरचं असो नाही तर हजारचं, चाकं जागच्या जागी फिरत राहणार. चेननं पकड दीडपटीच्या वर गेली तर हाच ट्रक हळूहळू चढतो. रिकाम्या ट्रकची गत आणखी थोडी वाईट होते, कारण फिरत्या चाकांवरचा वजनाचा वाटाच घटतो. मजकुरातलं तथ्य एवढंच.

उतारावर तर वजनाचा काडीचाही फायदा नाही. थांबण्याच्या अंतराच्या गणितातून वजन कटूनच जातं. ताशी ५० किलोमीटर वेगानं, ०.१ गुणांकाच्या बर्फावर, सपाटीला थांबायला जवळपास १०० मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर १४. तोच बर्फ सहा टक्के उतारावर असेल तर अंतर सुमारे २४५ मीटरवर जातं, कारण पकडीतला निम्म्याहून जास्त भाग उतारच खाऊन टाकतो. वेग निम्मा करून २५वर आणलात तर साठेक मीटर. ब्रेक दाबेपर्यंत गेलेला वेळ यात धरलेला नाही. आणि बर्फावर पाण्याचा पातळ थर असेल, तापमान शून्याच्या आसपास असेल, तर गुणांक ०.०५पर्यंतही उतरतो. मग सहा टक्के उतारावर गाडी थांबतच नाही. ब्रेक दाबलेला, चाकं बंद, आणि ट्रक निवांत खाली चाललाय. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्या मानानं बरा. फसवतो तो दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठू पाहणारा.

आता एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही, म्हणून स्टिअरिंग हातात राहतं. चाक फुकट फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनचा जोर कापतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही असलेली पकड वाटून देतात, नसलेली आणत नाहीत. उलट भुसभुशीत बर्फात एबीएसमुळे थांबण्याचं अंतर वाढूही शकतं, कारण जाम झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग लोटून त्यावर अडतं आणि एबीएस तसं होऊ देत नाही. इंजिन ब्रेकचंही तेच. तो फक्त इंजिननं फिरणाऱ्या एक्सलवर काम करतो. निसरड्यावर जोरात लावला तर तेवढीच चाकं घसरतात आणि ट्रेलर मागून ढकलत ट्रॅक्टरची, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या भागाची, घडी घालतो. त्या चाकांवर चेन असेल तर ही वेळ यायची शक्यता बरीच कमी होते.

‘जुन्या काळचा’ म्हणाल तर हो, आहे. अमेरिकेत हॅरी वीड यांनी टायरच्या चेनचं पेटंट १९०४ साली घेतलं. वेस्टिंगहाऊस यांचा हवेच्या ब्रेकचा शोध त्याहून जुना, १८६९चा. तो काढून टाका असं अजून कुणी सुचवलेलं नाही.

हवा कमी करण्याचा सल्ला वाळूत किंवा मऊ, खोल बर्फात चालतो, कारण तिथे टायरनं रुतू नये म्हणून पसरायला हवं असतं. कडक बर्फावर रबर थोडं जास्त टेकलं तरी घसरडं ते घसरडंच. त्यात भरल्या गाडीत कमी हवेचा टायर तापतो आणि रिमवरून निसटू शकतो. चेन नेमकं उलट करते. सगळं वजन लोखंडाच्या थोड्याशा कडांवर आणते, आणि त्या कडा बर्फात घुसतात.

टायर कापले जातात, या तक्रारीत मात्र दम आहे. चेन लावून उघड्या डांबरावर गाडी पळवली तर कड्या झिजतात, तुटतात आणि तुटलेलं टोक मडगार्डवर, हवेच्या पाइपवर, टायरवर आपटत राहतं. पण हा दोष वापराचा. जर्मनीत चेन लावल्यावर कमाल वेग ताशी ५० किलोमीटर आहे. कॅलिफोर्नियात २५ ते ३० मैल, म्हणजे ४० ते ४८ किलोमीटर. रस्ता मोकळा झाला की बाजूला घ्यायचं आणि काढायची. लावताना चेनच्या आकड्यांची (हुकांची) तोंडं टायरपासून बाहेर ठेवायची, थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायची. पहिल्या काही फेऱ्यांत चेन बसते आणि सैल पडते. टायर कापते ती बहुतेक वेळा ही सैल चेन.

शेवटचा सल्ला, अडकल्यावर लावा. माझ्या मते सगळ्या मजकुरात हाच सर्वांत घातक. ट्रक अडकतो तो चढावर, वळणावर, मागे गाड्या लागलेल्या असताना. पार्किंग ब्रेक ओढलात तरी तो सहसा मागच्या चाकांना धरतो, आणि तीच चाकं बर्फावर उभी आहेत. म्हणजे गाडीला धरणारं काहीच नाही, आणि तुम्ही दोन चाकांच्या मधे हात घालून गुडघ्यावर बसलेले. वरून दुसरी गाडी घसरत आली तर ती तुम्हाला चुकवू शकत नाही. शिवाय चेन नीट बसवायची तर चाक थोडं पुढे-मागे फिरवावं लागतं, आणि अडकलेल्या ट्रकला नेमकं तेच जमत नाही. पहाडी महामार्गांवर चढ सुरू व्हायच्या आधी चेन लावायच्या रुंद, सपाट जागा ठेवतात त्या याचसाठी.

कायदेही अडकण्याची वाट पाहत नाहीत. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाडीत इंजिननं फिरणाऱ्या किमान दोन चाकांपुरत्या चेन बाळगाव्याच लागतात, आभाळ निरभ्र असलं तरी. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आय-७० महामार्गाच्या डोंगराळ पट्ट्यात व्यापारी वाहनांना चेन बाळगण्याचा नियम १ सप्टेंबरपासून ३१ मेपर्यंत लागू असतो.

चेनच्या बाजूनं एवढं लिहिलं, तर तिची खोडही सांगतो, कारण ती त्या मजकुरात नाही. शिडीसारख्या आडव्या कड्यांची चेन पुढे-मागे छान धरते, पण आडवं घसरायला फारसं अडवत नाही. ट्रक चढतो, उतरतो, आणि वळणावर बाजूला सरकतो. चौकटीच्या नक्षीची चेन तिथे जास्त साथ देते. आणि फक्त ट्रॅक्टरला चेन लावली तर मागचा ट्रेलर मोकळाच राहतो, म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांत ट्रेलरच्या चाकांनाही लावायला सांगतात. चेन विकत घेताना टायरचा आकार आणि जोडचाकांचं माप घेऊन जा, आणि पहिल्यांदा कोरड्या आवारात, दिवसाउजेडी, हातमोजे घालून लावून बघा. हातमोजे घातल्यावर आकडा सापडत नाही, हे तिथेच कळलेलं बरं.