फळ्यावरचे गोल आणि बाण

माणसाच्या हातात मार्कर दिला की तो फळ्यावर गोल काढतो, आणि दोन गोल झाले की मधे बाण काढल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्यामुळे कुठल्याही अ‍ॅपची पहिली बैठक ग्राफ डेटाबेसच्या, म्हणजे माहिती गोल-बाणांच्याच रूपात साठवणाऱ्या डेटाबेसच्या, बाजूने आधीच झुकलेली असते. आमच्या अ‍ॅपचं काम एवढंच होतं, की सभासदाने नवे सभासद आणायचे आणि गुण मिळवायचे. तासाभरात फळा लढाईच्या नकाशासारखा दिसू लागला.

"हा तर उघडउघड ग्राफ आहे!" टीममधला सर्वांत तरुण सहकारी म्हणाला.

"दोन रकान्यांचं टेबल," ज्येष्ठ सहकारी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले. "कोणी आणलं, कोणाला आणलं. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय आलाच नाही. माझ्या गळ्यात 'तौलनिक अभ्यास' पडला.

अभ्यासात कळलं की हे भांडण आमच्या फळ्यापेक्षा बरंच जुनं आहे. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे सगळी माहिती टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं. पलीकडे चार्ल्स बॅकमन होते. दुव्याचं बोट धरून एका नोंदीवरून दुसरीकडे चालत जायचं, हा त्यांचा पंथ. 1974 च्या एका परिषदेत दोघे समोरासमोर वादही घालून आले. बॅकमन यांना 1973 चा ट्यूरिंग पुरस्कार (संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान) मिळाला होता, कॉडना 1981 चा मिळाला. थोडक्यात, पंचांनी दोघांनाही हार घातले आणि निकाल आमच्या बैठकीवर सोडला.

मग प्रात्यक्षिकं सुरू झाली. तरुणाने सायफर या ग्राफ डेटाबेसच्या भाषेत एका ओळीत सात पातळ्यांपर्यंतची साखळी काढून दाखवली. शेजाऱ्यांचे पत्ते नोडजवळच, म्हणजे गोलाजवळच असतात, दर पावलाला इंडेक्स, म्हणजे शोधसूची, धुंडाळावी लागत नाही, वगैरे. ज्येष्ठांनी शांतपणे टेबलांच्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, 'विथ रिकर्सिव्ह' लिहिलं; टेबलातून पातळीमागून पातळी साखळी काढायची ही सोय. "1999 पासून एसक्यूएलच्या मानकात आहे," असंही ऐकवलं. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला घातलेला प्रश्न, सुरू झाली आणि थांबेचना! दोन सभासदांनी एकमेकांना आणलं होतं. एकाने खातं बंद करून दुसऱ्याच्या शिफारशीने पुन्हा उघडलं होतं; गुणांसाठी माणूस काय करेल सांगता येत नाही. सायफर एका वाटेवर तोच बाण दोनदा चालत नाही, म्हणून तो सुटला होता. तरुण हसला. ज्येष्ठांनी चक्र ओळखायची अट घातली आणि क्वेरी मुकाट थांबली, पण ती आता त्यांच्याखेरीज कोणाला वाचता येईना. (त्यांनाही येत असावी, असं मी गृहीत धरलंय.)

पण तरुणाचाही दिवस पूर्ण चांगला गेला नाही. 'जाहिरातीतून आलेले' या एका गोलाला निम्मे सभासद चिकटले होते. त्या गोलातून जाणारी प्रत्येक वाट निम्म्या गावाला भेटून यायची. अशा गोलाला सुपरनोड म्हणतात, हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की ते दुखणं आहे हे साहेबांच्या लक्षातच आलं नाही.

शेवटी मी साहेबांनाच विचारलं, "अ‍ॅपला तुम्ही रोज नक्की काय काय विचारणार?" खरं तर हे मार्कर उघडण्याआधी विचारायचं असतं, पण तेव्हा कोणाला सवड असते! यादी आली: या महिन्यात किती सभासद वाढले, किती गुण वाटले, किती वापरले, बाकी किती. सगळ्या बेरजा. साखळीचा प्रश्न एकच होता, 'सर्वांत जास्त माणसं कोणी आणली?' आणि तोही एकाच पातळीचा. सात पातळ्या कोणालाच नको होत्या. शिवाय गुण द्यायचे आणि हिशेबात लिहायचे, ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झाली तर दोन्ही, नाही तर एकही नाही) हवी होती, आणि गुणांचा हिशेब आधीच पोस्टग्रेस या टेबलवाल्या डेटाबेसमध्ये बसलेला होता.

दोन रकान्यांचं टेबल झालं. तरुणाचं गोल-बाणांचं चित्र मात्र साहेबांना फार आवडलं होतं, ते त्यांनी सादरीकरणाच्या पहिल्या पानावर घातलं. ग्राहक हटकून विचारतात, "वा! हे कशात केलंय?" मी 'टेबल' म्हणायला तोंड उघडतो, तोवर साहेब दुसऱ्या स्लाइडवर गेलेले असतात.